कॉफीला गेलेले देश

सोमवार, ३ सप्टेंबर

आजपासून महासभेचं अधिवेशन सुरू झालं. माझ्यासाठी शेवटचंच, मार्चमध्ये निवृत्त होतो. म्हणून ही वही काढली. बावीस वर्षं दुसऱ्यांची मतं लिहिली, आता चार ओळी स्वतःच्या लिहाव्यात म्हणतो.

माझं काम सांगायला गेलं की लोक जांभया देतात. महासभेत एकशे सत्तर देश. ठराव आला की प्रत्येक जण समोरचं बटण दाबतो, बाजूनं हिरवं, विरोधात लाल, तटस्थ पिवळं. दहा मिनिटांत निकालाचा छापील कागद हातात येतो. तो घेऊन मी कचेरीत येतो आणि भिंतीवरच्या तक्त्यात एकेक चौकोन रंगीत पेन्सिलीनं भरतो. तक्ता आता खिडकीपासून दारापर्यंत पोचलाय. त्यावरून कोण आपल्याबरोबर किती टक्के आहे ते काढतो आणि राजदूतसाहेबांना देतो. साहेब ते मायदेशी मंत्रालयाला कळवतात, आणि मंत्रालय त्यावर निवांत झोपतं. कचेरीत मला सगळे तक्तोबा म्हणतात. तोंडावर नाही, पण मला ऐकू येतं.

साहेबांनी आज स्वतःहून सांगितलं की निवृत्तीच्या वेळी मंत्रालय माझा तक्ता पुस्तकरूपानं छापणार, वर माझं नाव घालून. मी "त्याची काय गरज आहे" असं म्हणालो. मनात गुदगुल्या होत होत्या, हे इथं कबूल करायला हरकत नाही.

घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, "छापा बाई, निदान आमच्या भिंतीवर तरी लावू नका."

गुरुवार, १३ सप्टेंबर

चिऊचा फोन. आमची एकुलती एक, तिकडे मायदेशी नदीकाठच्या गावात पाणीपुरवठा केंद्रावर इंजिनीअर आहे. नदी म्हणजेच सरहद्द. अलीकडे आम्ही, पलीकडे ते, आणि मध्ये भांडण. ते भांडण दरवर्षी महासभेत येतं. सरहद्दीला कुणी हात लावू नये, असा ठराव आपण मांडतो आणि दरवर्षी तो पास होतो. माझ्या तक्त्यातली सगळ्यांत लाडकी ओळ तीच.

चिऊ सांगत होती, पलीकडे जाणारी फेरीबोट बंद झालीय. "पाटी लावलीय बाबा, दुरुस्ती म्हणून. पण दोन्ही बोटी त्यांच्याच काठाला नेऊन बांधल्यात. दुरुस्त करताना कुणी दिसत नाही."

मी म्हटलं, "सरकारी काम आहे. पाटी आधी, माणूस नंतर."

हसली. तिचं हसू हिच्यासारखं आहे, आधी नाकातून येतं.

मंगळवार, २ ऑक्टोबर

आपल्या कचेरीत नव्या बाई आल्या आहेत, राजकीय विभागात. वय असेल तीस-बत्तीस. हुशार आहेत, आणि ते लपवायची त्यांना सवय नाही. आज तक्त्यासमोर पाच मिनिटं उभ्या होत्या. मला वाटलं कौतुक करणार.

"काका, हे पांढरे चौकोन कसले?"

"गैरहजर. मतदानाच्या वेळी सभागृहात नव्हते ते."

"कुठे होते?"

"कॉफीला," मी म्हटलं. सभागृहाच्या मागे कॉफीचं दुकान आहे. ज्यांना कुणालाच दुखवायचं नसतं ते नावाची पाटी टेबलावर ठेवून कॉफीला जातात, आणि मतदान संपलं की मिशा पुसत परत येतात. ही इथली जुनी रीत आहे.

"आणि टक्केवारी काढताना ह्यांना कुठे धरता?"

"कुठेच नाही. महासभेचा नियमच तसा आहे. जे मत देतात तेवढेच मोजायचे. पिवळेसुद्धा धरत नाहीत, मग हे कुठले? आणि जो विरोधात बोलला नाही, तो आपलाच. मौन म्हणजे संमती."

बाईंनी एका पांढऱ्या चौकोनावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "तटस्थ राहायलासुद्धा थोडी हिंमत लागते, काका. कॉफीला जायला काहीच लागत नाही."

उचलली जीभ लावली टाळ्याला. बावीस वर्षांचं काम, आणि ह्या आल्या परवा.

शुक्रवार, ५ ऑक्टोबर

मी डबा घरीच विसरलो म्हणून ही तो घेऊन कचेरीत आली. तक्ता तिनं तीन-चार वर्षांनी पाहिला असेल. लग्नाआधी ती शिवणकाम शिकवायची, त्यामुळे तिला सगळीकडे कापडच दिसतं. म्हणाली, "अहो, ह्या टोकाला रंग गेलाय की. धुऊन धुऊन विटल्यासारखं दिसतंय."

दाराकडच्या टोकाला बोट दाखवत होती. तिथं गेली चार वर्षं आहेत.

मी म्हटलं, "पेन्सिली स्वस्तातल्या देतात हल्ली."

पेन्सिली त्याच आहेत. मला तेव्हा तोंडात आलं ते बोललो.

गुरुवार, ११ ऑक्टोबर

आज पैलतीरवाला भेटला. म्हणजे नदीपलीकडच्या देशाच्या कचेरीतला माझ्यासारखाच कारकून. देशांचं वैर असलं तरी आमचं बरं आहे. दरवर्षी नदीच्या ठरावाआधी आम्ही दोघं कॉफी घेतो आणि आपापला अंदाज सांगतो. कोण कुणीकडे वळलं ते एकमेकांना थोडंसं दाखवतो, थोडंसं झाकतो. इथल्या सगळ्या मतमोज्यांत हे चालतं. साहेब लोकांना ठाऊक असतं, ते काणाडोळा करतात.

यंदा त्यानं यादी आणलीच नव्हती. म्हणाला, "ह्या वर्षी आम्ही कुणालाही विरोधात मत द्यायला सांगितलेलं नाही."

"म्हणजे नाद सोडला?"

"तसं समजा."

मला आनंद लपवता आला नाही. मग त्यानं विचारलं, "तुम्ही कॉफीला गेलेल्यांना कुठल्या रंगात दाखवता?" मी सांगितलं, कोराच चौकोन सोडतो, मोजत नाही. तो कपात बघत राहिला. म्हणाला, "गंमत आहे. आम्ही फक्त तेच मोजतो."

विनोदी माणूस. पण कॉफीचा कप अर्धा टाकून उठला, आणि जाताना हात मिळवला तो जरा जास्तच वेळ. इतक्या वर्षांत कधी हात मिळवला नव्हता, नुसती मान हलवायचा.

रविवार, १४ ऑक्टोबर

चिऊचा फोन. रोज सकाळी ती नदीतून पाण्याचे नमुने घेते. दहा दिवस झाले, नमुन्यात तेलाचा तवंग येतोय. वरच्या अंगानं वाहून येतो. "डिझेल आहे, बाबा. एखाद-दुसऱ्या ट्रकचं नाही हे. वर पलीकडे खूप गाड्या धूत असणार कुणीतरी."

रिपोर्ट पाठवलाय म्हणे जिल्ह्याला. पोच आली, उत्तर नाही. मी म्हटलं, रस्त्याचं काम काढलं असेल त्यांनी. ती म्हणाली, "असेल. रात्रीचं काढलंय मग. दिवसा रस्ता मोकळा असतो."

रविवार, २१ ऑक्टोबर

चिऊला रजा मंजूर झाली! पाच नोव्हेंबरपासून तीन आठवडे. इकडे येते म्हणाली. ही तर हवेतच आहे. मधल्या खोलीतली माझी जुनी कागदपत्रं आजच बाहेर काढली, पलंगाला नवी चादर.

फोनवर चिऊ थोडी दमलेली वाटली. नदीचं पाणी एकदम उतरलंय. वरचं धरण पलीकडच्यांचं आहे, त्यांनी दारं लावून घेतली असावीत. "ह्या दिवसांत इथं दोन पुरुष पाणी असतं, बाबा. काल मी बूट घालून अर्ध्यापर्यंत चालत गेले. गुडघाभरसुद्धा नाही."

मी म्हटलं, चला, यंदा पुराची भीती नाही.

मग म्हणाली, "पलीकडे मोठे मोठे पांढरे तंबू लागलेत. ओळीनं. आम्हाला वाटलं शाळेचं शिबिर असेल. पण मुलं एकही दिसत नाहीत. तंबूंवर लाल खुणा आहेत, दवाखान्याच्या असतात तशा."

दवाखाना काढतायत म्हणजे चांगलंच आहे की. असं मी म्हणालो. ही शेजारी उभी होती, तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर वळवली.

सोमवार, २२ ऑक्टोबर

साहेबांनी बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं, म्हणजे काहीतरी खाजगी.

"मुलगी येतेय म्हणे तुमची?"

मी म्हटलं, होय, रजेवर. बातमी त्यांना कशी कळली कोण जाणे. बहुधा हिनंच शेजारच्या जिन्यावर सांगितली असेल.

साहेब म्हणाले, "येऊ दे ना, जरूर येऊ दे. फक्त वेळ जरा... नदीचा ठराव सात तारखेला आहे. इतर देशांचे लोक आपल्याकडे डोळे लावून बसलेत. उद्या कुणी म्हटलं, मतं मोजणाऱ्या माणसानं स्वतःच्या मुलीला सरहद्दीवरून उचलून आणलं, तर कसं दिसेल? डळमळीत असलेले चार देश त्यावरच पळतील. मी काही सांगत नाही. तुम्ही जाणते आहात."

बाहेर आलो तर कान गरम झाले होते. राग कुणाचा आला तेच कळेना. त्यांचं म्हणणं चूक नाही. माझ्या आकड्यांवर माझाच भरवसा नसेल तर दुसऱ्यानं का ठेवावा? पुस्तकाचं ते काही बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही. पण ते माझ्या डोक्यात होतं. खोटं कशाला लिहू?

मंगळवार, २३ ऑक्टोबर

नव्या बाईंनी टेबलावर एक कागद आणून ठेवला. "एकदा बघा काका, रागावू नका." मी चहाचा कप त्यावर ठेवला. त्या बघत होत्या तरी ठेवला.

दिवसभर मागची वर्षं तपासत बसलो. नदीचा ठराव: चार वर्षांपूर्वी पंच्याण्णव टक्के बाजूनं. मग पुन्हा पंच्याण्णव. मग चौऱ्याण्णव. गेल्या वर्षी त्र्याण्णव. एवढी स्थिर ओळ अख्ख्या तक्त्यात दुसरी नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

बुधवार, २४ ऑक्टोबर

कचेरीतून चिऊला फोन केला. घरून केला असता तर ही ऐकत बसली असती.

सांगितलं की रजा पुढे ढकल. उन्हाळ्यात ये, तोवर मी रिकामा झालेला असेन, तिघं मिळून कुठेतरी जाऊ. तिनं विचारलं, "का?" मी म्हटलं, उगाच घबराट दिसायला नको.

"बाबा, खरं सांगा. काही होणार नाही ना?"

मी म्हटलं, "नव्वद टक्क्यांवर जग आपल्या पाठीशी आहे, चिऊ. एवढ्या लोकांच्या डोळ्यांदेखत कोण पाऊल टाकेल?"

थोडा वेळ फोनवर पंपांची घरघर ऐकू आली. मग म्हणाली, "तुम्ही म्हणता म्हणजे झालं. आमच्या मदतनिसाची दोन मुलं लहान आहेत, बायको रोज माहेरी जाऊ म्हणते. माझी रजा त्याला देते. केंद्रावर कुणीतरी एक लागतंच."

मी "शहाणी माझी" म्हणालो.

हिला संध्याकाळी सांगितलं, रजा रद्द झाली. "कुणी केली?" असं तिनं विचारलं, मी "ऑफिसनं" म्हणालो. तसं पाहिलं तर खोटं नाही. मी ऑफिसातूनच केली.

मंगळवार, ३० ऑक्टोबर

सभागृहात देश नावाच्या क्रमानं बसतात, त्यामुळे शेजारी कधी बदलत नाही. माझ्या उजव्या हाताला पंधरा वर्षं एका छोट्या बेटाचे प्रतिनिधी बसतात. मी त्यांना बेटवाले म्हणतो. ते मला रोज एक पेपरमिंट देतात. आम्ही मुलांची लग्नं, गुडघेदुखी आणि अध्यक्षांचा विग ह्यांवर बोलतो, राजकारणावर कधीच नाही. म्हणूनच मैत्री टिकली.

आज मूठभर पेपरमिंट दिली. म्हणाले, "तुमची मुलगी अजून तिकडेच आहे का?"

"हो, नदीवर."

"सुटीला बोलवा ना इकडे. माझ्या बायकोला ती फार आवडली होती."

"उन्हाळ्यात येणार आहे."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "उन्हाळा लांब आहे हो. आत्ताच बोलवा. तिकीट मिळत नसेल तर मी बघतो. माझ्या ओळखीचे आहेत."

किती माया करतात परक्या मुलीवर! हिला सांगितलं तर हिच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाली, "परक्या माणसाला कळतं." आणि आत निघून गेली. काय कळतं ते सांगितलं नाही.

बुधवार, ७ नोव्हेंबर

पास झाला!

सविस्तर लिहितो. सकाळी अकराला मतदान. पावणेअकरापासून सभागृह रिकामं व्हायला लागलं. एरवी कॉफीला जाणारे डोकं खाली घालून, चोरपावलानं जातात. आज सरळ उठून जात होते, घोळक्यानं, शाळा सुटल्यासारखे. नावाच्या पाट्या टेबलांवर, मागे खुर्च्या रिकाम्या. सगळ्यांना एकदम तल्लफ आली, असं मी नव्या बाईंना म्हटलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी बोटांची नखं तळहातात रुतवली होती.

घंटा झाली तेव्हा बेटवालेही उठले. पंधरा वर्षांत नदीच्या ठरावाला ते कधी उठले नव्हते. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मला माफ करा." मी म्हटलं, "अहो जा की, कॉफीला माफी कसली?" ते काहीतरी बोलणार होते. मग गेलेच.

निकाल: बाजूनं एकतीस, विरोधात तीन. एक्क्याण्णव टक्के. साहेबांनी माझा हात दाबला आणि तिथूनच मंत्रालयाला कळवलं, "महासभेचा प्रचंड कौल." मी कचेरीत येऊन चौकोन भरले. पाच मिनिटांत झालं. एरवी अख्खी दुपार जाते.

कॉफीच्या दुकानावरून आलो तेव्हा आत उभं राहायला जागा नव्हती. आणि तरी बोलण्याचा आवाज नव्हता. मला पाहून त्यांनी वाट करून दिली, एखाद्याच्या घरी काही घडलेलं असलं की देतात तशी.

चिऊला फोन लावला. "एक्क्याण्णव!" म्हटलं. ती म्हणाली, "म्हणजे किती देश, बाबा?"

मी म्हटलं, "एक्क्याण्णव टक्के, वेडे."

"हो, पण देश किती?"

शेवटी एकतीस सांगितलं. तिनं तो आकडा एकदा परत म्हटला. मग विचारलं, "आई कशी आहे?"

गुरुवार, ८ नोव्हेंबर

झोप लागली नाही म्हणून कचेरीत लवकर आलो. सकाळचं ऊन तक्त्यावर पडलं होतं. मी कधी इतक्या लांबून पाहिला नव्हता, नेहमी नाक चिकटवूनच पाहत आलो. खिडकीकडे हिरवंगार. दाराकडे येता येता कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसत नेल्यासारखं. शेवटची ओळ जवळजवळ कागदच.

नव्या बाईंचा कागद काढला. कपाचं गोल वर्तुळ उमटलं होतं, त्याच्या आत आकडे. नदीच्या ठरावाला आपल्या बाजूनं देश: चार वर्षांपूर्वी एकशे अठरा. मग सत्त्याण्णव. मग चौऱ्याहत्तर. गेल्या वर्षी बावन्न. खाली पेन्सिलीनं, यंदाच्या अंदाजासमोर: "तीसच्या आसपास?"

हे आकडे मला माहीत नव्हते असं नाही. मीच भरलेले चौकोन आहेत. पण दरवर्षी मी भागाकार करायचो, आणि भागाकारात ते दिसत नव्हते. एकशे सत्तरांत एकतीस म्हणजे अठरा टक्के.

चिऊला फोन केला. म्हटलं, उद्याच्या उद्या नीघ. कारण सांगितलं नाही. ती म्हणाली, "बाबा, मदतनीस रजेवर गेला. मी निघाले तर पंप बंद पडतील, गावाला पाणी कोण देणार? सोमवारपर्यंत बदली माणूस मागवलाय. आला की येते. नक्की." आणि मग, मला बरं वाटावं म्हणून, "एक्क्याण्णव टक्के आहेत ना आपल्या पाठीशी?"

शनिवार, १० नोव्हेंबर

आज पहाटे ते नदी ओलांडून आले. चालत आले. पाणी गुडघाभरच होतं.

रेडिओवर पाच वाक्यं. गावाचं नाव दुसऱ्या वाक्यात.

ही मधल्या खोलीत नव्या चादरीवर बसून आहे. मी आत गेलो आणि सगळं सांगितलं. रजा मी रद्द करायला लावली, साहेब काय म्हणाले, पुस्तकाचं, सगळं. मला वाटलं ओरडेल. ती चादरीच्या सुरकुत्या काढत राहिली.

रविवार, ११ नोव्हेंबर

फोन आला तेव्हा दोघं एकदम धावलो. चिऊचा मदतनीस होता. राजधानीत सासुरवाडीला आहे, बायको-मुलं सुखरूप. "काका, मॅडमनी मला त्यांची रजा दिली. नाही तर आम्ही..." मॅडमचं त्याला काही कळलेलं नाही. केंद्र गावाच्या पार टोकाला आहे, नदीला लागून.

त्यानं आभार मानले. माझेही मानले. मी ऐकून घेतले.

मंगळवार, १३ नोव्हेंबर

महासभेची तातडीची बैठक. सैन्य मागे घ्यावं असा ठराव आपण मांडला. साहेब बोलायला उभे राहिले आणि कागदावरून एकदाही डोळे न उचलता वाचत गेले. ते वाईट माणूस नाहीत. मीच त्यांना आकडे देत होतो.

सभागृहात प्रतिध्वनी येत होता. उजवीकडची खुर्ची रिकामी, टेबलावर एक पेपरमिंट ठेवलेलं. माझ्या बाजूला सरकवून ठेवलेलं.

मतदान झालं. पुरेसे लोक हजर आहेत का, हे कुणी हरकत घेतली तरच मोजतात. हरकत घ्यायला कुणी नव्हतं. बाजूनं एकोणीस. विरोधात कुणी नाही. पैलतीरवाल्यांची खुर्चीसुद्धा रिकामी होती, त्यांना यायची गरजच वाटली नाही. अध्यक्षांनी हातोडा आपटला आणि ठराव एकमतानं मंजूर झाल्याचं जाहीर केलं.

शंभर टक्के. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

कचेरीत आलो. हिरवी पेन्सिल हातात घेतली आणि परत डब्यात ठेवली. नव्या बाई दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, "बाई, तुम्ही बरोबर होता." त्या म्हणाल्या, "काका, नका ना," आणि रडायला लागल्या. मला रडू येईना.

गुरुवार, १५ नोव्हेंबर

चिऊचा फोन आज लागला.

पाच दिवस नुसतं "संपर्क होऊ शकत नाही" यायचं. आज सकाळी साडेआठला रिंग गेली. ही धावत आली. कान लावून दोघं उभे. रिंग पूर्ण वाजली आणि बंद झाली. परत लावला, परत तसंच. दिवसभरात सतरा वेळा. रिंग जाते, कुणी उचलत नाही. कट करत नाही, दुसरं कुणी बोलत नाही, काहीच नाही.

शेवटी फोन मी टेबलावर ठेवला. आमच्या घरात सकाळपासून कुणी काही खाल्लं नव्हतं. ही समोर बसली, हात मांडीवर घेऊन. म्हणाली, आणि टोमणा म्हणून नाही, तिच्या आवाजात टोमणा मला ओळखता येतो:

"अहो, जे काही बोलत नाहीत ते आपल्याच बाजूचे, असं तुम्ही म्हणता ना नेहमी? विरोधात नाही म्हणजे सगळं ठीक, असं?"

मी टेबलावरचा फोन सरळ करून ठेवला.

"मग ती उचलत नाही म्हणजे... ठीकच असेल ना? तुम्हाला कळतं ह्यातलं. सांगा ना. ठीकच असेल?"

मी हो म्हणालो.